भिंतीच्या आतला नागरिक

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा निरोप आला तेव्हा प्रथम आठवणीच लिहाव्यात असे वाटले. पहाटेची वंदना, हौदावरची अंघोळ, वरणातली डाळ शोधण्याची आमची स्पर्धा, हे सारे लिहिण्यासारखेच आहे. परंतु माझे वर्गमित्र ते माझ्यापेक्षा सरस लिहितील. मी 8 वर्षे या आवारात विद्यार्थी म्हणून राहिलो आणि पुढे 22 वर्षे मराठवाड्यातील दुसऱ्या एका अनुदानित वसतिगृहाचा गृहपाल होतो. म्हणजे आयुष्यातील 30 वर्षे भिंतीच्या आत गेली. पहिली 8 ज्यांच्यावर कुलूप लागते त्यांच्यात आणि नंतरची 22 कुलूप लावणाऱ्यांत. दोन्ही बाजू पाहिलेल्या माणसाने आपले मत नोंदवून ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

एकदा विभागाचे परिपत्रक आले की प्रत्येक वसतिगृहात दर्शनी भागी तक्रारपेटी बसवावी. गावातील पत्र्याचे काम करणाऱ्याकडून मी पेटी करवून घेतली, तिला लाल रंग दिला, पांढऱ्या अक्षरांत नाव घातले आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारी ती टांगली. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी पेटी पाहिली आणि अहवालाच्या रकान्यात 'आहे' असे लिहिले. पेटीला कुलूप होते आणि त्या कुलपाची चावी कोठीच्या चाव्यांबरोबर माझ्याच जुडग्यात होती. अनेक वर्षांत त्या पेटीतून कडुलिंबाची पाने, एस.टी.चे एक तिकीट आणि कोणीतरी रागाने टाकलेली भाकरीची कड एवढेच निघाले. एकदा मात्र वहीच्या पानाचा तुकडा निघाला. त्यावर पेन्सिलीने लिहिले होते, 'सर, या पेटीची चावी कोणाजवळ असते?' अक्षर मी ओळखले. प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. उलट, अक्षर ओळखले आहे हे त्या मुलाला कळावे अशा नजरेने दोन दिवस त्याच्याकडे पाहत राहिलो. पुढे त्या पेटीत पानेही पडेनाशी झाली.

शासनाच्या अथवा शासनमान्य संस्थेच्या ताब्यात राहणाऱ्या माणसांसाठी आपल्या देशात कायद्यांची वाण नाही. उणीव आहे ती त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराची. माणूस वसतिगृहात असो, बालगृहात असो, मनोरुग्णालयात असो की कारागृहात; तो किती जेवला, केव्हा आजारी पडला, त्याला कोणी मारले की तो स्वतः पडला, यांची प्रत्येक नोंद त्याला सांभाळणाराच करीत असतो. हजेरीपट त्याच्या हाती, औषधांची वही त्याच्या हाती, तक्रारपेटीची चावीही त्याच्याच हाती. तो सज्जन असेल तर आतला माणूस सुखी आणि नसेल तर दुःखी, एवढ्यावर सारा कारभार चालत असेल तर त्याला हक्क म्हणता येत नाही.

विनयपिटकातील आजारी भिक्खूची कथा या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ऐकलेली आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. तथागतांनी आनंदांसह त्याला न्हाऊ घातले, उचलून बिछान्यावर निजवले. करुणेचे उदाहरण म्हणून आपण ही कथा सांगतो. गृहपालकी केल्यानंतर मला ती तपासणी अहवालासारखी वाटू लागली. विहारात माणसे होती, तरी त्या एकाकडे कोणी पाहत नव्हते; कारण तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता. तथागत निवासस्थाने फिरून पाहत होते म्हणूनच तो दिसला. त्यांनी आधी रुग्णाला विचारले आणि मग संघाला. पुढे तर त्यांनी नियमच घालून दिला: आजाऱ्याची शुश्रूषा उपाध्यायाने करावी, तो नसेल तर आचार्याने, कोणीच नसेल तर संघाने, न केल्यास तो दोष. वर्षावासाच्या अखेरीस होणाऱ्या पवारणेतही प्रत्येक भिक्खू, मग तो कितीही ज्येष्ठ असो, संघाला विनंती करतो की माझा काही दोष पाहिला, ऐकला अथवा त्याचा नुसता संशय आला असेल तरी सांगा. अडीच हजार वर्षांपूर्वी तक्रारीचे आमंत्रण देण्याची ही रीत होती. माझ्या 22 वर्षांत मी मुलांना तसे एकदाही विचारले नाही, हे येथे मान्य केलेले बरे.

बाबासाहेबांनी 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिच्या पहिल्या कामांत 4 जानेवारी 1925 रोजी सोलापूरला सुरू केलेले वसतिगृह होते. त्या सभेच्या प्रेरणेने विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. अन्नवस्त्राची सोय तर केलीच, पण राहणाऱ्या मुलांनी लिहावे, बोलावे, आपले म्हणणे छापून बाहेर पाठवावे, अशी हवाही तेथे होती. पुढे 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले तेव्हा मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आलेली मुले तेथील वसतिगृहांत राहिली आणि त्यांतूनच दलित साहित्याची एक मोठी पिढी उभी राहिली. वसतिगृह म्हणजे जातीच्या गावातून बाहेर पडण्याचा दरवाजा, हा आपल्या समाजाचा अनुभव आहे. म्हणूनच त्याच्याविषयी कठोर बोलणे आपल्याला जड जाते. परंतु आईवडिलांनी ज्या विश्वासाने लेकरू येथे सोडले, त्या विश्वासाची तपासणी आपणच केली नाही तर दुसरे कोण करणार?

आता शासनाच्या धोरणाकडे येऊ. 2015 चा बाल न्याय अधिनियम, जो 15 जानेवारी 2016 पासून लागू झाला, तो वाचताना मन प्रसन्न होते. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा, असे त्यात आहे. मुलांची काळजी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने नोंदणी केलीच पाहिजे. तिची दर 3 महिन्यांतून एकदा किमान 3 जणांच्या समितीने पाहणी करावी. त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा. संस्थेत मुलाला शिस्तीच्या नावाखाली मारणे हा गुन्हा आहे. सारे काही आहे. परंतु हा कायदा ज्या संस्थांना लागू होतो, त्या आहेत बालगृहे, निरीक्षणगृहे, खुली निवारागृहे. मागासवर्गीय मुलांची वसतिगृहे सामाजिक न्याय विभागाकडे, आदिवासी आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे, विमुक्त-भटक्यांच्या आश्रमशाळा इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे, दिव्यांगांच्या निवासी शाळा आता दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांची हंगामी वसतिगृहे शालेय शिक्षण विभागाकडे. प्रत्येकाची संहिता निराळी, तपासणीचा नमुना निराळा. जिंतूर तालुक्यातील एकाच तांड्यावरची दोन भावंडे दोन फाटकांच्या आत गेली, तर त्यांचे हक्क फाटकावरील पाटी पाहून ठरतात. वय तेच, भूक तीच, रात्रीची भीतीही तीच. मला हे आपल्या धोरणातील सर्वांत मोठे व्यंग वाटते. कोणत्याही विभागाची पाटी असो, जेथे 18 वर्षांखालील मूल रात्री झोपते तेथे पाहणी, नोंदणी आणि तक्रारीचा एकच कायदा लागू असला पाहिजे.

असे का म्हणतो, ते महाराष्ट्राच्या अनुभवावरून सांगतो. ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील बौद्धिक दिव्यांग मुलांच्या संस्थेतील हाल वर्तमानपत्रांतून बाहेर आले आणि 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या भेटींमुळे 2011 मध्ये कळंबोलीच्या आणखी एका संस्थेतील मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. बौद्धिक दिव्यांग मुलींच्या साक्षींवर खटला उभा राहिला आणि 2013 मध्ये संस्थाचालकासह इतरांना सत्र न्यायालयाने दोषी ठरवले. ज्या मुलींचे म्हणणे कोणालाही कळणार नाही अशी चालकांची खात्री होती, त्यांचे म्हणणे कळले. कारण बाहेरची माणसे आत गेली आणि ती ऐकण्यासाठीच गेली होती. दुसरे उदाहरण आदिवासी आश्रमशाळांचे. डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीने 2016 मध्ये जो अहवाल दिला, त्यानुसार 15 वर्षांत आश्रमशाळांतील 1 हजाराहून अधिक मुले मृत्युमुखी पडली होती. ताप, सर्पदंश, बुडणे, आणि कित्येकांच्या बाबतीत तर कारणच नीट नोंदलेले नाही. ज्या मुलाच्या मरणाचे कारणही लिहून ठेवलेले नाही, त्याच्या जगण्याची नोंद कशी ठेवली असेल?

पोलिसांच्या अथवा न्यायालयाने दिलेल्या कोठडीत माणूस मेला तर त्याची चौकशी पोलिसांवर न सोडता न्यायदंडाधिकाऱ्याने करावी, अशी तरतूद आपल्या फौजदारी प्रक्रियेत आहे. पूर्वी ती 176 व्या कलमात होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 196 व्या कलमात आहे. आश्रमशाळेत मेलेल्या मुलाला ती लागू होत नाही. तेथील चौकशी बहुधा ज्या विभागाची शाळा त्याच विभागाचा अधिकारी करतो. कैद्याच्या मृत्यूला जो न्याय तो विद्यार्थ्याच्या मृत्यूलाही असावा, ही मागणी अवाजवी आहे काय?

कैद्याच्या बाबतीतही ती तरतूद किती कष्टाने कामाला लागते, हे परभणीकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. 10 डिसेंबर 2024 रोजी रेल्वे स्थानकासमोर डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि धरपकड सुरू झाली. पकडलेल्यांत कायद्याचे शिक्षण घेणारे सोमनाथ सूर्यवंशी होते. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्यांचा मृत्यू झाला. मारहाण झाल्याचे चित्रीकरणात दिसत नाही आणि त्यांना श्वसनाचा विकार होता, असे विधानसभेत सांगण्यात आले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. त्यांच्या आईने मदतीची रक्कम नाकारून न्यायालयाचे दार ठोठावले. 4 जुलै 2025 रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 30 जुलैला तेथेही आदेश कायम राहिला. दोष कोणाचा आणि किती, हे न्यायालय ठरवील. मला येथे एवढेच दाखवायचे आहे की ताब्यातील माणसाविषयीचा पहिला शब्द ताबेदाराचा असतो आणि तो खोडून काढण्यासाठी एका आईला नुसता गुन्हा नोंदवून घेण्यापर्यंत पोचायला 7 महिने लागले. तिच्यामागे उभा राहणारा समाज होता, वकील होते. ज्या मुलाची आई कोल्हापूरकडे उसाच्या फडात असते, तिच्यामागे कोण असते?

कायदा हलतो तो अशा बाहेरच्या माणसांमुळेच. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांची स्थिती पाहून पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. 1983 च्या निकालाने स्त्री-कैद्यांना स्त्री पोलिसांच्या देखरेखीखाली ठेवण्याचे, त्यांना विधी साहाय्य देण्याचे आणि न्यायाधीशांनी कोठड्यांना अचानक भेटी देण्याचे आदेश दिले. कारागृहात झाडू कोणी मारावा आणि स्वयंपाक कोणी करावा हे जातीवरून ठरवणारे नियम अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत स्वातंत्र्यानंतर 75 वर्षे टिकून होते. सुकन्या शांता या पत्रकार स्त्रीने ते उघड केले आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. भिंतीच्या आत जात अधिक घट्ट होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. वसतिगृहात ताटे कोण घासतो, याकडेही कधी तरी पाहावे.

मनोरुग्णालयांविषयी थोडेच लिहितो, कारण त्यांची माहिती मला ऐकीव आहे. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. एकही मराठवाड्यात नाही. परभणीचा रुग्ण शेकडो कोस दूर जातो आणि नातेवाइकांची वाट पाहत राहतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात तर असे स्पष्ट लिहावे लागले की रुग्णाचे मुंडण सक्तीने करू नये, त्याला साखळीने बांधू नये, त्याला स्वतःचे कपडे वापरू द्यावेत. जे लिहावे लागले त्यावरून पूर्वी काय चालत होते ते समजावे.

संस्थेची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर माझे जुने सहकारी मला क्षमा करणार नाहीत. परिपोषण अनुदान उशिरा येते हे परभणीतील कोणत्याही किराणा दुकानदाराला विचारावे. दुकानदाराची उधारी थकते, तूरडाळीचा भाव वाढतो आणि अनुदानाचा दर तोच राहतो. अनुदानित वसतिगृहातील गृहपाल आणि स्वयंपाकी यांना मिळते ते वेतन नसून मानधन असते. त्यात 24 तासांची जबाबदारी. एकटा पुरुष गृहपाल, एक स्वयंपाकी, एक मदतनीस आणि 48 मुले, त्यांतील चौघांना ताप. अशा रात्री मी काढल्या आहेत. चिडलेला, थकलेला, कर्जात बुडालेला माणूस मुलांशी कसा वागतो, ते मी आरशात पाहिले आहे. सांभाळणाऱ्याला उपाशी ठेवून आतल्या मुलाच्या हक्काच्या गोष्टी शासनाने सांगू नयेत. तरीही अनुदान थकले म्हणून मुलाला बोलण्याचा हक्क उधारीवर ठेवता येत नाही. तक्रार ऐकायला पैसा लागत नाही.

आणखी एक प्रश्न आहे, तो पालकांनी विचारायचा. सर्वच मुलांना आत आणलेच पाहिजे काय? दिवाळीनंतर गंगाखेड, पालम, सोनपेठच्या वाड्या-तांड्यांवरून गाड्या फडांकडे निघतात तेव्हा मुलांसाठी वसतिगृह हवेच. संत भगवानबाबांच्या नावाने 2021 मध्ये मंजूर झालेल्या 82 वसतिगृहांच्या योजनेत आपला जिल्हाही आहे, आणि ती नीट उभी राहावीत. परंतु वडील वारले, शेतकऱ्याने आत्महत्या केली, आई एकटी पडली, एवढ्याच कारणाने मूल घरापासून तोडण्याची गरज नसते. त्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिची रक्कम अनेक वर्षे महिन्याला 425 रुपये होती, नंतर 1,100 आणि 2023 नंतर 2,250 रुपये झाली. ती आजही थोडीच आहे, पण आजीजवळ राहून शिकणाऱ्या मुलासाठी ती मोठी आहे. किती विधवा मातांनी तिचा अर्ज पाहिला आहे? माजी विद्यार्थ्यांपैकी जे तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक आहेत, त्यांनी आपल्या गावात असे अर्ज भरून दिले तर काही मुलांना या फाटकातून आत यावेच लागणार नाही. निवासी शाळेच्या स्मरणिकेत हे लिहिणे विचित्र दिसेल. पण येथे जागा थोड्या आहेत आणि त्या ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठी राहाव्यात.

'संस्थेचे नाव खराब होईल' हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा ऐकले आणि काही वेळा उच्चारलेही. 2012 च्या लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षण कायद्यानुसार अशी घटना कळूनही न कळवणारा संस्थाप्रमुख स्वतः शिक्षेस पात्र होतो. त्यामुळे ते वाक्य आता गुन्ह्याच्या दारात उभे असते. परंतु कायद्याच्या भीतीपेक्षा मला दुसरे कारण महत्त्वाचे वाटते. आपली संस्था आपल्याच माणसांनी, आपल्याच मुलांसाठी, चिवर आणि निळ्या झेंड्याच्या साक्षीने उभारली आहे. तिच्यातील चूक झाकली तर तिचा लाभ झाकणाऱ्याला होतो, मुलाला नाही.

म्हणून माजी विद्यार्थी संघापुढे माझा एक साधा प्रस्ताव आहे. शाळेतील तक्रारपेटीची चावी मुख्याध्यापक, अधीक्षक अथवा संचालक मंडळ यांच्याजवळ नसावी. ती संघाजवळ असावी, आणि संघाच्या ज्या सभासदाचे मूल येथे शिकत नाही त्याच्या हाती असावी. महिन्यातून एका ठरलेल्या रविवारी तो सभासद आणि पालकांतून निवडलेली एक माता यांनी पेटी उघडावी, चिठ्ठ्या वाचाव्यात, वहीत नोंद करावी आणि मागच्या महिन्याच्या चिठ्ठीचे काय झाले ते मुलांसमोर वाचून दाखवावे. चिठ्ठीवर नाव लिहिण्याची सक्ती नसावी. संशयावरून लिहिलेली चिठ्ठीही ग्राह्य धरावी. 1098 हा बालकांच्या मदतीचा क्रमांक, ज्याची सुरुवात 1996 मध्ये मुंबईतच झाली, आणि जिल्हा बालकल्याण समितीचा पत्ता शयनगृहात मुलांच्या उंचीला रंगवावा. कार्यालयाच्या काचेत लावलेला कागद मुलांना दिसत नाही. ज्या फोनवरून तो क्रमांक लावायचा तो फोनही कोणाच्या खोलीत कुलपात नसावा. मुलींच्या विभागात हे सारे स्त्रियांनीच पाहावे.

यासाठी शासनाच्या परवानगीची गरज नाही. पुढील स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी वर्षभरात किती चिठ्ठ्या आल्या आणि त्यांचे काय झाले, याचे एक पान छापावे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुधा कडुलिंबाची पानेच निघतील. तरीही ठरलेल्या रविवारी चावी घेऊन यावे आणि पेटी मुलांच्या देखत उघडावी. माझे गाव परभणीपासून एस.टी.ने दीड तासावर आहे, आणि पहिल्या रविवारी यायला मी तयार आहे.